'घरचे वातावरण' नावाची जात

सोलापुरातल्या कोणत्याही शाळेच्या शिक्षक-खोलीत मधल्या सुट्टीत जाऊन बसावे आणि जातीचे नाव कानावर पडते का ते पाहावे. बहुधा पडणार नाही. शिक्षक शिकलेले आहेत, कायदा जाणून आहेत आणि पुष्कळदा मनाने सज्जनही आहेत. एक शब्दप्रयोग मात्र हमखास ऐकू येईल : 'घरचे वातावरण'. अमका मुलगा गणितात मागे का, तर घरचे वातावरण. तमकी मुलगी वक्तृत्व स्पर्धेला का घेतली नाही, तर घरी तसे वातावरण नाही. तिसऱ्याकडून काही होणार नाही हे ऑगस्टमध्येच कसे ठरले, तर त्याचे 'बॅकग्राउंड' पाहा ना. हे शब्द ज्या मुलांच्या वाट्याला येतात त्यांची एक यादी करावी आणि ती शाळेच्या जनरल रजिस्टरमधल्या जातीच्या रकान्याशेजारी ठेवावी. दोन्ही याद्या किती जुळतात, हे प्रत्येक शिक्षकाने आपापल्या शाळेपुरते तपासून पाहावे. त्यासाठी कोणत्याही आयोगाची गरज नाही.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे. वर्गात जात आज सर्वांत सुखरूपपणे कुठे राहत असेल, तर ती शिक्षकाच्या अपेक्षेत. वेगळे बसवणे, पाणी वरून ओतणे हे दिसते, त्याविरुद्ध बोलता येते, तक्रार करता येते. अपेक्षाच न ठेवणे हा मात्र कोणत्याही कायद्यात गुन्हा नाही. शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना मनाई केली. ज्या मुलाला वर्षभरात एकही अवघड प्रश्न विचारला गेला नाही, त्याचा छळ झाला असे कोण म्हणेल? आणि ही अपेक्षा (किंवा तिचा अभाव) ज्या शब्दांत बोलली जाते, ते शब्द पुरवण्यात मराठी शिकवणाऱ्या आपणा मंडळींचा वाटा फार मोठा आहे. म्हणूनच हा विषय शिक्षणशास्त्राच्या मंडळींवर सोडून आपल्याला मोकळे होता येणार नाही.

पाचवी ते आठवी ही चार वर्षे मुद्दाम लक्षात घ्यायला हवीत. त्याआधी शिक्षकाचे काम बरेचसे अक्षरओळखीचे आणि अंकओळखीचे असते. त्यानंतर दहावीची उत्तरपत्रिका एखादा अनोळखी परीक्षक तपासतो, त्याच्यापुढे मुलाचे नाव नसते. मधल्या चार वर्षांत मात्र सगळे काही वर्गशिक्षकाच्या हाती असते. कोणती तुकडी द्यायची, मराठीचा धडा मोठ्याने कोणी वाचायचा, पंधरा ऑगस्टला भाषण कोणी करायचे आणि त्याच कार्यक्रमाच्या सतरंज्या कोणी घालायच्या, हे सारे तोच ठरवतो. शिष्यवृत्ती परीक्षा चौथी-सातवीला असो की पाचवी-आठवीला, तिच्या जादा तासाला कोणाला थांबवून घ्यायचे हेही तोच ठरवतो. थांबवून घेतलेल्यांपैकी काही गुणवत्ता यादीत येतात. मग शिक्षक म्हणतो, "बघा, मला आधीच माहीत होते." ज्यांना घरी पाठवले ते यादीत येत नाहीत; तेही त्याला आधीच माहीत असते. या दोन्ही वाक्यांत शिक्षकाने आपलीच भविष्यवाणी आपल्याच हाताने खरी केलेली असते, आणि तिला तो मुलाची 'कुवत' असे नाव देतो.

मराठीत या कुवतीसाठी एकाक्षरी शब्द आहे : 'ढ'. ब्राह्मीपासून आजवर या अक्षराचे वळण फारसे बदललेच नाही, म्हणून जो सुधारत नाही तो 'ढ', अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. ती भाषाशास्त्राच्या कसोटीला उतरो वा न उतरो, तिच्यातला सिद्धांत शिक्षकी मनात पक्का रुजलेला आहे : जे आहे ते बदलायचे नाही. माणसाची पायरी जन्मानेच ठरते आणि ती बदलत नाही, हे सांगणारा दुसरा सिद्धांत आपल्या समाजात कोणता आहे, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या अभ्यासक्रमाकडे वळू. शरणकुमार लिंबाळे यांचे 'अक्करमाशी' १९८४ साली प्रसिद्ध झाले. लिंबाळे आपल्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे. पुस्तकाच्या सुरुवातीलाच शाळेच्या सहलीचा प्रसंग येतो. सवर्ण मुले एकीकडे जेवतात, महारांची मुले दुसरीकडे. उरलेसुरले अन्न या मुलांच्या वाट्याला येते. या प्रसंगावर आपण वर्गात भरपूर बोलतो. भूक, अवहेलना, वेदना, विद्रोह हे शब्द विद्यार्थी उत्तरपत्रिकेत उतरवतात आणि आपण त्यांना गुण देतो. पण त्या प्रसंगाला एक पुढचा भाग आहे. दुसऱ्या दिवशी गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात. मुलाला काय लिहावे ते सुचत नाही. गुरुजी त्याच्या जातीवरून, खाण्यावरून त्याला बोलतात.

मराठीच्या अध्यापकाने खरे तर इथेच थांबायला हवे, कारण निबंध हा आपला प्रांत आहे. 'आमची सहल' या निबंधाचा एक साचा असतो : पहाट, उत्साह, हिरवळ, सहभोजन, गोड आठवणी. तो साचा ज्या मुलाच्या अनुभवात बसतो तो मुलगा 'हुशार' ठरतो. ज्याच्या अनुभवात बसत नाही त्याला लिहिता येत नाही, म्हणून तो 'ढ'. त्या दिवशी वर्गात सर्वांत महत्त्वाचा निबंध ज्या मुलापाशी होता, त्याच्याकडून गुरुजींना निबंधाची अपेक्षाच नव्हती. पुढे त्याच मुलाने तो निबंध पुस्तकातून लिहिला आणि आज आपण तो पदव्युत्तर वर्गाला शिकवतो. असे असूनही परीक्षेत आपण कधी विचारले आहे का, की या प्रसंगातील अध्यापनाचे परीक्षण करा? आपण विचारतो, 'दलित आत्मकथनांतील वेदनेचे स्वरूप स्पष्ट करा'. वेदना लेखकाची, स्पष्टीकरण विद्यार्थ्याचे, आणि गुरुजी मात्र प्रश्नपत्रिकेबाहेर सुखरूप.

कोणी म्हणेल, ही जुनी कथा झाली, आता शिक्षक असे बोलत नाहीत. मान्य. म्हणून बोलण्याकडे न पाहता परिणामाकडे पाहू. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या एका खेड्यात सहावी-सातवीच्या सहाशेहून अधिक मुलग्यांना कागदावरची चक्रव्यूहासारखी कोडी सोडवायला दिली. त्यांचे निष्कर्ष २००४ आणि २००६ साली प्रसिद्ध झाले. मुलांच्या जातीचा उल्लेख झाला नाही तेव्हा उच्च आणि कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमक्ष मोठ्याने वाचून दाखवली गेली, तेव्हा कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, मुलेही तशीच. वाढला तो फक्त वाचून दाखवलेला एक रकाना. आता आपल्या शाळांतला एक नेहमीचा प्रसंग आठवावा. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की वर्गात हाक दिली जाते, "एससी, एसटी, व्हीजेएनटीवाल्यांनी उभे राहा." देणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्या खेड्यातल्या प्रयोगात जे संशोधकांनी एकदा केले, ते आपण दरवर्षी शासनाच्या योजनेच्या निमित्ताने करतो.

दुसरा अभ्यास रेमा हॅना आणि ले लिंडन यांचा, २०१२ साली प्रसिद्ध झालेला. त्यांनी भारतातल्या एका परीक्षा-स्पर्धेच्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. मात्र वरच्या पानावरची मुलाची जात, वय आणि लिंग ही माहिती चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, कोणत्याही संबंधावाचून लिहिलेली होती. कनिष्ठ जात लिहिलेल्या उत्तरपत्रिकांना थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. त्याहून अस्वस्थ करणारा निष्कर्ष पुढे आहे : हा भेद प्रामुख्याने कनिष्ठ मानल्या गेलेल्या जातींतून आलेल्या परीक्षकांच्या गुणांत आढळला.

हा निष्कर्ष ऐकून काही मंडळींना बरे वाटेल. "पाहा, त्यांचेच लोक कमी गुण देतात, आमच्याकडे बोट का दाखवता?" त्यांना बरे वाटण्याचे काही कारण नाही. या निष्कर्षातून उलट हे दिसते की अपेक्षा ही व्यक्तीच्या दुष्टपणातून येत नाही. ती शिकवली जाते आणि ज्याच्याविरुद्ध शिकवली जाते तोही ती शिकतो. ज्या शिक्षकाला स्वतःच्या शालेय वयात 'एवढे आले तरी पुष्कळ' हे ऐकावे लागले, त्याने पुढे तेच माप हातात घेतले तर नवल काय? त्यामुळे 'जातीयवादी ब्राह्मण मास्तर' हे आपल्या कथा-कादंबऱ्यांतले सोयीचे पात्र इथे पुरे पडत नाही. त्या पात्रावर सारा दोष टाकला की उरलेले सगळे शिक्षक निर्दोष ठरतात.

अपेक्षेच्या सामर्थ्याविषयी सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतला, रोझेन्थाल आणि जेकबसन यांचा, १९६८ सालचा. साउथ सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका प्राथमिक शाळेत त्यांनी शिक्षकांना काही मुलांची नावे दिली आणि ही मुले यंदा झपाट्याने पुढे येतील असे सांगितले. नावे प्रत्यक्षात कशीही निवडलेली होती. वर्षअखेरीस त्यांतल्या लहान वर्गातल्या मुलांनी खरोखरच अधिक प्रगती दाखवली. या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली, वरच्या वर्गांत परिणाम फारसा दिसला नाही, हे नोंदवायलाच हवे. पण त्यानंतरच्या अभ्यासांनी मूळ प्रश्न जिवंत ठेवला. २०१६ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात एकाच कृष्णवर्णीय विद्यार्थ्याविषयी त्याच्या दोन शिक्षकांना विचारले गेले, तेव्हा तो पदवीपर्यंत जाईल असे मानणाऱ्यांत गोऱ्या शिक्षकांचे प्रमाण लक्षणीयरीत्या कमी निघाले. तिथे अपेक्षा कातडीच्या रंगावरून ठरते. आपल्याकडे रंग पुरत नाही, म्हणून आपण आडनाव, पत्ता आणि उच्चार वाचतो.

पत्त्याचे उदाहरण सोलापूरकराला दूर शोधायला नको. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच गुन्हेगार ठरवली, आणि अशा जमातींसाठी सोलापुरात तारेच्या कुंपणाआड 'सेटलमेंट' वसवली गेली. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो कायदा देशभरातून रद्द झाला. कुंपण गेले, तरी सेटलमेंट फ्री कॉलनी हा पत्ता सोलापुरात अजून आहे. शाळेच्या प्रवेश अर्जावर जातीचा रकाना कोरा ठेवला तरी पत्त्याचा रकाना ते काम चोख करतो. वर्गात कोणाचा कंपास हरवला तर पहिली नजर कुठे वळते? लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'ला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळून चार दशके होत आली. आपण त्या पुस्तकाला 'भटक्या-विमुक्तांच्या जीवनाचा दस्तऐवज' म्हणतो. ती नजर आपल्या स्वतःच्या डोळ्यांत आहे का, हे पाहण्यासाठी आपण ते पुस्तक क्वचितच वाचतो.

उच्चाराचे प्रकरण तर थेट आपल्याच अंगणातले आहे. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चार भाषांचे शहर. पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरी तेलुगू, अक्कलकोटकडच्या घरांत कन्नड, आणि मराठी घरांतही पेठेगणिक, वस्तीगणिक वेगळी मराठी. 'पाणी'ला 'पानी' म्हणणारे मूल वर्गात उभे राहिले की त्याच्या तोंडून त्याची वस्ती बोलते. आपण लगेच म्हणतो, उच्चार 'अशुद्ध' आहेत. हा शब्द क्षणभर हातात घेऊन पाहावा. प्रमाणलेखनाचे नियम ही एक सोय आहे; साहित्य महामंडळाने ते १९६२ साली केले, १९७२ साली त्यांत भर घातली, आणि असे नियम असायला काहीच हरकत नाही. पण त्या सोयीला आपण नाव दिले 'शुद्धलेखन', आणि जो ती पाळत नाही तो 'अशुद्ध'. रस्त्याची डावी बाजू सोडून चालणाऱ्याला आपण चुकला म्हणतो, विटाळला म्हणत नाही. भाषेतल्या चुकीला मात्र आपण विटाळाचा शब्द वापरला, आणि तो तांबड्या शाईने नेमक्या त्याच मुलांच्या वह्यांवर उमटत राहिला ज्यांच्या आजोबांवर तो वेगळ्या अर्थाने उमटला होता. डॉ. आंबेडकरांना शाळेत संस्कृत शिकायचे होते, ते नाकारले गेले म्हणून त्यांना फारसी घ्यावी लागली. भाषेच्या शुद्धतेचे आणि माणसाच्या शुद्धतेचे नाते आपल्याकडे असे जुने आहे.

आता सर्वांत गंभीर आक्षेपाकडे येतो, कारण तो खोटा नाही. अनेक शिक्षक प्रामाणिकपणे म्हणतात, "घरचे वातावरण ही कल्पना नाही, वस्तुस्थिती आहे. विडी वळणाऱ्या बाईची मुलगी संध्याकाळी आईला मदत करते, तिचा गृहपाठ होत नाही. दगड फोडणाऱ्याचा मुलगा आईबापांबरोबर चार महिने गावाबाहेर असतो. आम्ही डोळे मिटून घ्यायचे का?" आणखी एक दाखला ते 'उचल्या'तूनच देऊ शकतील : मूल शाळेत गेल्यामुळे वस्तीवर आजारपण आले, असे तिथल्या लोकांनाच वाटले होते.

डोळे मिटावेत असे कोणीच म्हणत नाही. प्रश्न पाहिल्यानंतर काय करायचे याचा आहे. डॉक्टरला रोग्याच्या घरची गरिबी कळली तर तो औषधाची वेळ आणि पथ्य त्याला जमेल असे बदलतो; गरिबी पाहून रोग असाध्य ठरवत नाही. विडीवाल्या बाईच्या मुलीचा गृहपाठ होत नाही, हे कळल्यावर शाळेच्या वेळातच अर्धा तास तिच्यासाठी राखणे हा एक निष्कर्ष झाला. तिला अवघड गणित न देणे हा दुसरा. माहिती तीच, निष्कर्ष दोन. आणि दुसरा निष्कर्ष शिक्षकाला श्रमातून सोडवतो, म्हणून तो जास्त लोकप्रिय आहे. 'उचल्या'चेही तसेच. त्या वस्तीला शाळेची भीती वाटली हे खरे, पण त्याच वस्तीतल्या एका बापाने पोराला शाळेत घातले, हेही त्याच पुस्तकात आहे. त्या बापाची अपेक्षा आपण वातावरणात का धरत नाही?

इथे एक नाजूक गोष्ट स्पष्टच बोलायला हवी. तिरस्कारापेक्षा करुणेपोटी कमी केलेली अपेक्षा अधिक घातक असते. तिरस्कार करणाऱ्या शिक्षकाविरुद्ध मूल निदान मनातल्या मनात पेटून उठते. "बिचारा, पास झाला तरी पुष्कळ" म्हणणाऱ्या मायाळू बाईंविरुद्ध ते कसे पेटणार? त्या तर आपल्याच बाजूच्या वाटतात. "तुला काय काळजी, तुला सवलत आहे" हे वाक्यही याच माळेतले. ते सवलतीविषयी आहे असे वाटते, पण त्यात मुलाला सांगितलेले असते ते एवढेच : तुझ्याकडून पस्तीस टक्क्यांपलीकडे आम्हाला काही नको.

आणि साहित्याच्या क्षेत्रात आपण वेगळे काय केले? सत्तर-ऐंशीच्या दशकांत 'बलुतं', 'उपरा', 'अक्करमाशी' आली तेव्हा मराठी समीक्षेचा एक नेहमीचा सूर होता : अनुभव जळजळीत आहे, पण कलाकृती म्हणून विचार करता... त्या 'पण'नंतर जे येई ते सातवीच्या वर्गशिक्षकाच्या शेऱ्यासारखेच असे. दलित लेखकाकडून आपण अनुभवाची अपेक्षा ठेवली, रूपाची ठेवली नाही. दस्तऐवजाची ठेवली, विचारव्यूहाची ठेवली नाही. लिंबाळे यांनी १९९६ साली 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' लिहिले, 'सनातन' या कादंबरीसाठी त्यांना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. तरीही आपल्या साहित्यशास्त्राच्या तासाला किती वेळा त्यांच्या सौंदर्यविचाराची चर्चा होते, आणि दलित साहित्याच्या तासाला किती वेळा त्यांच्या भुकेची? एखादा बौद्ध किंवा मातंग विद्यार्थी संशोधनाचा विषय विचारायला आला की मार्गदर्शकाच्या तोंडी पहिला विषय कोणता येतो? त्याला ज्ञानेश्वरीची भाषा किंवा मर्ढेकरांची प्रतिमासृष्टी अभ्यासायची असेल, असे आपल्या मनात आधी का येत नाही? सातवीत जादा तासाला न थांबवलेला मुलगा आणि एम.ए.ला विषय आखून दिलेला विद्यार्थी, या दोघांमध्ये एकच धागा आहे.

याउलट अपेक्षा ठेवली की काय होते, याचेही दाखले आपल्याच इतिहासात आहेत. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा मांग-महारांच्या दुःखावरचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. शाळकरी मुलीकडून धर्माला आणि समाजाला जाब विचारणाऱ्या निबंधाची अपेक्षा कोणीतरी ठेवली होती, म्हणून तो लिहिला गेला. हा निबंध आणि 'अक्करमाशी'तला न लिहिलेला सहलीचा निबंध शेजारी ठेवून वाचले, तर शिक्षकाने काय फरक पडतो याचा दुसरा पुरावा लागणार नाही. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे शेतकरी वर्गातून शिक्षक तयार करण्याचा आग्रह धरला, तो केवळ नोकऱ्यांच्या वाट्याचा प्रश्न नव्हता. श्रमाची लाज नसलेला आणि त्या मुलांत मिसळणारा शिक्षकच त्यांच्याकडून काही मागू शकेल, हे त्यांनी ओळखले होते. सोलापुरात बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले. घरचे वातावरण अभ्यासाला अनुकूल नाही हे त्या मंडळींनाही ठाऊक होतेच. त्यांनी शेरा मारला नाही, खोली बांधली. याच जिल्ह्यातल्या महूदच्या शांताबाई कांबळे १९४२ साली सोलापूर जिल्हा लोकल बोर्डाच्या शाळेत शिक्षिका झाल्या. 'माज्या जल्माची चित्तरकथा' आपण पहिले दलित स्त्री-आत्मकथन म्हणून शिकवतो. एका शिक्षिकेचे आत्मकथन म्हणून ते अध्यापक विद्यालयांत शिकवले गेले पाहिजे.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना, स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडे शिकण्याची योजना आहे. हाताने काम शिकण्यात वाईट काही नाही. जोतीराव हयात असते तर त्यांनी प्रत्येक वकिलाच्या मुलाला आधी सुताराकडे पाठवले असते. पण 'मुलाचा कल ओळखा' असे सांगितल्यावर तो कल कोण ओळखणार? ज्याच्या डोळ्यांपुढे आडनाव आणि पत्ता आहे तोच शिक्षक. १९५३ साली मद्रास राज्यात राजाजींनी अर्धा दिवस शाळा आणि उरलेला वेळ घरचा व्यवसाय अशी योजना आणली होती. वंशपरंपरागत धंद्याचे शिक्षण म्हणून तिला प्रखर विरोध झाला आणि १९५४ साली ती मागे घ्यावी लागली. आज तसा उघड आदेश कोणी काढणार नाही. अपेक्षा आदेशावाचूनच काम करते.

उपाय मोठे नाहीत, म्हणूनच ते टाळण्याला सबब नाही. शिष्यवृत्तीच्या याद्या वर्गात वाचू नयेत. अर्ज कार्यालयातून परस्पर द्यावेत. घटक चाचणीच्या उत्तरपत्रिकांवरचे नाव दुमडून ठेवावे किंवा दोन तुकड्यांच्या शिक्षकांनी त्या आपसात बदलून तपासाव्यात. जादा तास सर्वांना खुला असावा. ज्याला यायचे नाही तो येणार नाही, पण दार शिक्षकाने बंद करू नये. वाचायला उठवताना हजेरी क्रमांकाने उठवावे, म्हणजे कोण सुटले ते कळेल. निबंधात आशयाचे गुण वेगळे, लेखनाचे वेगळे द्यावेत आणि 'अशुद्ध' हा शेरा कायमचा हद्दपार करून 'प्रमाण रूप असे' एवढेच लिहावे. आपण मराठीच्या अध्यापकांनी, ज्यांचे विद्यार्थी बी.एड. करून याच शाळांत जातात, 'अक्करमाशी' शिकवताना एक तास गुरुजींवर घालवावा.

आणखी एक सूचना. जूनमध्ये हजेरीपट हाती आला की पहिल्याच आठवड्यात वर्गशिक्षकाने प्रत्येक नावापुढे आपल्याला त्या मुलाविषयी काय वाटते ते एका कागदावर लिहावे : हा पुढे जाईल, हिचे कठीण आहे, याच्याकडून काही होणार नाही. तो कागद पाकिटात घालून कपाटात ठेवावा आणि दिवाळीच्या सुट्टीत एकट्याने उघडावा. कोणत्या नावापुढे काय लिहिले, आणि ते लिहिताना त्या मुलाविषयी आपल्याला नाव, आडनाव, पत्ता यांपलीकडे नेमके काय माहीत होते, हे त्याने स्वतःला विचारावे. उत्तर कोणाला दाखवण्याची गरज नाही. दुसऱ्या सत्रात जादा तासाची यादी करताना मात्र ते आठवावे.